एका पानातले गडकरी

जांभूळ म्हटलं की ठाणे जिल्ह्यातल्या बहुतेकांना पाणी आठवतं. एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र तिथे आहे. केंद्रात दुरुस्ती निघाली की कुठे कुठे नळ कोरडे राहणार, याची बातमी वर्तमानपत्रात येते. त्यापलीकडे अंबरनाथ तालुक्यातलं हे गाव चारचौघांच्या बोलण्यात फारसं येत नाही. नाटक तर इथून लांबच. नववीतल्या एखाद्या मुलीला व्यावसायिक नाटक बघायचं झालं तर कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर गाठायचं, नाहीतर ठाण्याचं राम गणेश गडकरी रंगायतन. एक नाव शिष्याचं, दुसरं गुरूचं. अत्रे गडकऱ्यांना आयुष्यभर गुरू मानत आले. मुलीला ही दोन्ही नावं ठाऊक असतात, पण इमारतींची म्हणून. ‘गडकरीला प्रयोग आहे’ हे तिने ऐकलेलं असतं. गडकऱ्यांचं एखादं वाक्य मात्र तिच्या कानावर पडलेलं नसतं.

यात तिचा दोष नाही. शाळेत गडकरी येतात ते परिचयाच्या चौकटीतून. जन्म नवसारीला, १८८५ साली. मृत्यू नागपूरजवळ सावनेरला, १९१९ साली. कवितेसाठी टोपणनाव गोविंदाग्रज, विनोदी लेखनासाठी बाळकराम. पूर्ण झालेली नाटकं चार. आणि शेवटी ‘मराठीचे शेक्सपिअर’. माहिती खरी आहे. पण शेक्सपिअर न वाचलेल्या मुलाला गडकरी न वाचताच समजावून देण्याची ही तऱ्हा आहे. मुलं ती चौकट पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. विसरणं स्वाभाविक आहे, कारण लक्षात ठेवण्यासारखं काही त्यांना दिलेलंच नसतं.

माझं म्हणणं असं की नाटककाराची ओळख करून द्यायची ती त्याच्या एका पानाने. चरित्राने नाही, गौरवाने नाही, कथानकाच्या सारांशानेही नाही. एकच पान, सावकाश, मोठ्याने, वाक्यावाक्यापाशी थांबत वाचायचं. प्रत्येक वाक्याला एवढंच विचारायचं: हे बोलणारा माणूस समोरच्याकडून आत्ता काय मिळवू पाहतो आहे? जन्मसाल, नाटकांची यादी, समीक्षकांची मतं हे सगळं मुलांना नंतर कुठेही सापडेल. हा प्रश्न विचारायची सवय मात्र वर्गातच लागू शकते, आणि ती लागली तर नाटक संपल्यावरही सुटत नाही.

सूक्ष्म वाचन हे परदेशी खूळ आहे, असं मी काही शिक्षकांकडून ऐकलं आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावं काढून टाकून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या, त्यांनी काय लिहून दिलं ते तपासलं आणि १९२९ मध्ये त्यावर ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं, हे खरंच आहे. पण आपल्याकडे गावात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा कीर्तनकार काय करतात? एक अभंग घेतात आणि दोन तास त्याच अभंगाच्या चरणांवर उभे राहतात. हा शब्द इथे का आला, तुकोबांनी आधी हे का म्हटलं आणि ते नंतर का, याच्यावर शेतकरी, कंपनीतले कामगार, म्हाताऱ्या आयाबाया मांडी घालून रात्री उशिरापर्यंत ऐकत बसतात. त्याहून मागे गेलं तर मल्लिनाथ कालिदासाचा श्लोक पदापदाने उलगडतो. ज्ञानेश्वरी हेही सातशे श्लोकांचं सावकाश केलेलं वाचनच आहे. एका वचनापाशी थांबण्याची रीत या मातीत मुरलेली आहे. ती देवळात राहिली, वर्गात आली नाही, एवढंच.

वर्गात तिचं नाव मात्र आलं. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, असे मुद्दे ठरलेले. ज्यांनी हा प्रश्न घातला त्यांच्या मनात नेमकं हेच असणार, मुलांनी ओळींजवळ जावं. पण मुद्दे ठरले की उत्तरंही ठरतात. गाइडमध्ये कोणत्याही कवितेला चालेल असं तयार रसग्रहण मिळतं. ‘साध्या सोप्या शब्दांत कवीने मोठा आशय मांडला आहे’ हे वाक्य तर कुठेही बसतं. नाटकाचं याहून वाईट. अकरावीच्या युवकभारतीत नाटक हा साहित्यप्रकार म्हणून आला आणि ‘सुंदर मी होणार’, ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’ यांतले प्रवेश मुलांपुढे आले, ही चांगली गोष्ट झाली. पण नाटकावर आपण पिढ्यान् पिढ्या विचारत आलेला प्रश्न एकच आहे: अमुक पात्राचं स्वभावचित्र रेखाटा. ‘एकच प्याला’तली सिंधू सोशिक, पतिपरायण, त्यागी. तळीराम धूर्त, स्वार्थी, व्यसनी. विशेषणांची अशी माळ ओवली की गुण मिळतात. पण नाटकात माणूस विशेषणांनी दिसत नाही. तो कुणाशी, कधी, किती आणि कसं बोलतो यावरून दिसतो, आणि एकाशी एक अन् दुसऱ्याशी दुसरंच बोलतो तेव्हा तर फारच स्पष्ट दिसतो.

म्हणून मी तळीरामाच्या पानापासून सुरुवात करतो. उल्हास नदीच्या या पट्ट्यातल्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांबरोबर अधूनमधून वाचायला बसण्याची संधी मला मिळते. तिथे ‘एकच प्याला’च्या पहिल्या अंकातलं एक पान झेरॉक्स करून वाटायचं, नाटकाचं आणि लेखकाचं नाव न सांगता. (गडकऱ्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क कधीच संपलेला आहे, त्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही.) संदर्भ दोन वाक्यांचा. सुधाकर हा हुशार, स्वतःच्या जोरावर वर आलेला वकील. कोर्टात वाद झाला, त्याची सनद काही काळासाठी रद्द झाली, आणि अपमानाने तो आतून पेटलेला आहे. त्याच्यासमोर आता त्याचा कारकून तळीराम उभा आहे. यापुढे काय होतं ते सांगायचं नाही.

पहिल्या वाचनात मुलं अडखळतात. दुसरं वाचन दोघांनी उभं राहून करायचं. तिसऱ्या वेळी पेन्सिल हातात. तळीरामाच्या प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहायचं: त्याला काय हवं आहे? सुधाकरच्या प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं: हा ‘नाही’ म्हणतो आहे, की ‘नाही’ म्हणण्याचं कारण शोधतो आहे?

एका मुलाने समासात लिहिलं होतं, ‘हा दारूबद्दल बोलतच नाही, विसरण्याबद्दल बोलतो.’ मला वाटतं, त्या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याने पकडली. तळीराम विकतो आहे तो प्याला नाही. सुधाकरला अपमान विसरायचा आहे आणि तळीराम त्याला तेवढंच देऊ करतो आहे. प्याला हे त्याचं नुसतं साधन. शिवाय तो नोकर आहे. धन्याला हुकूम करणं त्याच्या अधिकारात नाही. ‘दादासाहेब’ म्हणून तो अदबीने बोलतो, आणि त्याच अदबीमुळे त्याच्या बोलण्यात सुधाकरला धोका दिसत नाही. अपमान झालेल्या मानी माणसाला त्या दिवशी आदराने बोलणारं माणूस भेटतं ते हे.

मग मी दुसरं पान देतो. आर्य मदिरामंडळाची बैठक. शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीला बसलेले, सगळे जातिधर्म दारूपुढे एक झालेले, आणि मध्यभागी तळीराम. इथे तो वक्ता आहे. दारूचा महिमा गाताना त्याची वाक्यं लांब होतात, उपमा एकीवर एक चढतात, कोटीला कोटी भिडते. मुलं हसतात, आणि मोकळेपणाने हसतात, कारण गडकऱ्यांचा विनोद शंभर वर्षांनंतरही वाचता वाचता हसवतो. हसून झालं की विचारायचं: हाच माणूस सुधाकरसमोर असा का बोलला नाही? एवढी फर्डी जीभ त्याने तेव्हा आवरून का धरली? तळीराम जागा बघून भाषा बदलतो, हे कळायला मुलांना फार वेळ लागत नाही. आणि हे कळलं की ‘धूर्त’ हे विशेषण मला त्यांना सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे पुरावा असतो, दोन पानांवर पेन्सिलने खुणा केलेला.

यानंतरचा एक खेळ मुलांना सर्वांत आवडतो. तळीरामाचं पान आजच्या बोलीत म्हणायचं. कुणी आगरीत, कुणी हिंदीत, उल्हासनगरकडून येणारं एखादं पोर घरच्या सिंधीत. ‘एकाने काय होतंय?’, ‘टेन्शन नको घेऊ’, ‘आपलेच आहोत ना सगळे’, ही वाक्यं तयारच असतात. ती त्यांनी नाक्यावर, हळदीच्या रात्री, क्रिकेटच्या सामन्यानंतर ऐकलेली असतात. गडकऱ्यांचं पान आणि स्वतःचं पान शेजारी ठेवलं की मुलांना दिसतं ते असं की पटवण्याची युक्ती जुनी झालेली नाही. व्यसनमुक्तीच्या पोस्टरवर कवटी असते. कवटीला कुणी भुलत नाही, म्हणून कवटीपासून सावध राहायला शिकवून उपयोग नसतो. भुलवणारा गोड असतो, आपला असतो, आपल्या दुःखाची चौकशी करणारा असतो. हे दाखवणारं पान मराठीत १९१९ पासून पडून आहे.

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या वाचनावर माझा विश्वास बसला तो तिच्यामुळे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा कारखान्यांचा आणि पाळ्यांचा टापू. कोणत्याही वर्गात अशी चार-सहा मुलं असतातच, ज्यांच्या घरी संध्याकाळ झाली की सगळे बापाच्या पावलांचा अंदाज घेऊ लागतात. ‘एकच प्याला’ हे दारूबंदीचं नाटक म्हणून शिकवलं, दारूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहिले, की ती मुलं खाली बघतात. फळ्यावरची यादी त्यांच्या घराची असते आणि वर्गाला ती माहीत असते. उपदेश त्यांना नवं काही सांगत नाही, फक्त उघडं पाडतो. पान वाचताना तसं होत नाही. बोलायचं असतं ते सुधाकरबद्दल, त्याची बायको सिंधू आणि मित्र रामलाल यांच्याबद्दल. मुलगा म्हणतो, ‘सुधाकरला रामलालने आधीच का नाही थांबवलं?’ मुलगी म्हणते, ‘तो सकाळी चांगला असतो तेव्हा सिंधू त्याला काही बोलत का नाही?’ सकाळचा विषय पानावर नसतो. तो कुठून आला, हे मी विचारत नाही, वर्गही विचारत नाही. पुरावा पानावर दाखव, एवढंच म्हणतो, आणि ती मुलगी पुन्हा पानात शिरते. नाटकाने तिला दुसऱ्याच्या नावाने बोलायची सोय करून दिलेली असते. माझ्या मते शाळेत अभिजात साहित्य असण्याचं याहून भक्कम कारण नाही.

आणि नाटक खरंच दारूपुरतं नाही. सुरुवातीच्या प्रवेशात रामलाल विलायतेला निघालेला असताना सुधाकरचा मानीपणा आपल्यासमोर येतो. तेव्हा घरात दारूचा थेंब नसतो. एका मुलीने वर्गात ठामपणे मांडलं की सुधाकर दारूने हरला नाही, अपमान सोसता न आल्याने हरला. तिला माहीत नव्हतं की मराठी समीक्षेत हा वाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, ही शोकांतिका प्याल्याची की स्वभावाची. तिने तो वाद स्वतः शोधून काढला. समीक्षकांची मतं मी तिला आधी दिली असती तर ती मतं तिने पाठ केली असती. नाटकाच्या उत्तरार्धात सावरू पाहणारा सुधाकर नोकरीसाठी प्रतिष्ठितांची दारं ठोठावतो आणि अपमान घेऊन परत येतो. हे पान दिलं की तिच्या मताला बळही मिळतं आणि त्यात एक नवी गाठही पडते: दारू सोडणाऱ्याला समाज परत घेतो का? सारांश वाचणाऱ्याच्या डोक्यात हा प्रश्न येणार नाही, कारण सारांशात ‘पुन्हा व्यसनाच्या आहारी जातो’ असे चार शब्द असतात.

आता सर्वांत अवघड पान. नशेतल्या सुधाकरच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो, सिंधू जबर जखमी होते, आणि फौजदारासमोर ती सांगते की आपल्याला पडून लागलं. नवऱ्याला वाचवण्यासाठी मरणाच्या दारात बोललेलं खोटं. हे नाटक मुलींना शिकवू नये, असं म्हणणाऱ्या शिक्षिका मला भेटल्या आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यावारी घेत नाही. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी सरकारी दवाखान्यांत जिन्यावरून पडलेल्या आणि मोरीत घसरलेल्या बायका आजही येतात. अशा वेळी चौदा वर्षांच्या मुलीपुढे सिंधूला ठेवायचं आणि वर तिच्या त्यागाचं कौतुक करायचं, हा अन्यायच होईल. स्वभावचित्राच्या प्रश्नाने नेमका तोच केला. पिढ्यांनी ‘सिंधू ही आदर्श पतिव्रता आहे’ असं लिहिलं आणि गुण मिळवले.

पण उपाय पान फाडणं हा नाही. उपाय आहे ते आणखी हळू वाचणं. त्या क्षणी खोलीत कोण कोण आहे? भाऊ पद्माकर आहे, त्याला न्याय हवा आहे. फौजदार आहे, त्याला जबाब हवा आहे. नवरा आहे. सिंधूचं वाक्य कुणासाठी आहे? ते ऐकून कुणाचा चेहरा कसा होईल, हे उभं राहून करून दाखवा. आणि मग पुढचं पान: त्या खोट्याचा उपयोग झाला का? कायद्यापासून सुधाकर वाचला, पण शेवटी विषाचा प्याला त्याने स्वतःच्या हाताने घेतला. ज्याच्यासाठी ती खोटं बोलली त्याला ते खोटं वाचवू शकलं नाही, असं नाटककाराने लिहून ठेवलं आहे. हे कौतुक आहे की आरोप? शेजारी गीतेचं एखादं पान ठेवा. गीता ही तळीरामाची बायको. तिची जीभ तिखट आहे, नवऱ्याला ती देव मानत नाही आणि जे दिसतं ते बोलते. एकाच नाटकात गडकऱ्यांनी दोन दारुड्यांच्या दोन बायका ठेवल्या आणि दोघींना वेगळी भाषा दिली. मग गडकऱ्यांचं स्वतःचं मत कोणतं? वर्गात यावर एकमत होत नाही आणि होऊही नये. गडकरी त्यांच्या काळाचे होते, सिंधूबद्दल त्यांना अपार भक्ती होती, हे मलाही दिसतं आणि ते मी मुलांपासून लपवत नाही. पण नाटक लेखकाच्या भक्तीहून मोठं होऊन बसलेलं आहे, हेही दिसतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायला मुलांना जमतं. त्यांना जमणार नाही, असं मोठ्यांनाच वाटतं.

(एक तांत्रिक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी. या नाटकातली पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिलेली आहेत. सिंधूची सर्वांना माहीत असलेली प्रतिमा बरीचशी पदांमधून आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून आली. गडकऱ्यांची सिंधू शोधायची तर गद्य वाचावं. ती तिथे पदांतल्यापेक्षा जास्त बोलकी आणि जास्त हट्टी भेटते.)

बोलणारा कोण, हा प्रश्न न विचारण्याची किंमत आपण वर्गाबाहेरही मोजली आहे. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडला आणि मुठा नदीत टाकला. आक्षेप होता ‘राजसंन्यास’मधल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर. नाटक गडकऱ्यांच्या हातून अपुरं राहिलेलं. आक्षेप घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि इतिहासाशी नाटककाराने कसं वागावं हा गंभीर प्रश्न आहे. पण त्या दिवसांत टीव्हीवर बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे मी ऐकत होतो, तेव्हा कुणाच्याही हातात पान नव्हतं. वाक्य कुठल्या पात्राच्या तोंडी आहे, ते पात्र नाटकात काय आहे, समोर कोण आहे, हे कुणी सांगत नव्हतं. नाटकातलं वाक्य आधी पात्राचं असतं. लेखकापर्यंत पोचायला त्यानंतर बरंच चालावं लागतं. चौदाव्या वर्षी हे ज्याला उमगलं तो चाळिसाव्या वर्षी वादात उतरला तरी आधी पान मागेल.

भाषा अवघड आहे, हा आक्षेप मला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळतो. गडकऱ्यांचं गद्य संस्कृतप्रचुर, अलंकारांनी लगडलेलं, वाक्य सुरू झालं की श्वास संपेपर्यंत चालणारं. मुलांना प्रमाण मराठीच परकी वाटते, त्यात हे. पण ही अडचण डोळ्यांची आहे, कानाची नाही. इथल्या आगरी घरांत लग्नाला धवलारीण येते आणि लांबच लांब धवले तोंडपाठ म्हणते. मुलांनी ते ऐकलेले असतात. हरिपाठ त्यांना येतो. अनुप्रासाची, लयीची, एकामागून एक येणाऱ्या चरणांची सवय त्यांच्या कानाला शाळेत येण्याआधीच झालेली असते. म्हणून रामलालचं एखादं लांब भाषण घेऊन मी ते तुकड्यातुकड्याने वर्गभर वाटतो. प्रत्येकाने स्वल्पविरामापर्यंतचा आपला तुकडा म्हणायचा आणि पुढच्याकडे द्यायचा. इंग्लंडात रेक्स गिब्सन यांनी १९८६ पासून ‘शेक्सपिअर अँड स्कूल्स’ या प्रकल्पात असंच केलं, मुलांना बाकांवरून उठवून वाक्यं तोंडात दिली. आपल्याकडे ते जास्त सहज होतं. वाक्य वर्गाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं, मध्ये कुठे वेग वाढतो, कुठे अडतं, आणि शब्दाचा अर्थ न कळताही रामलाल इथे रागावला आहे की हताश आहे हे मुलं सांगतात. अर्थ त्यानंतर विचारतात. मग अर्थ सांगायला हरकत नसते, कारण आता तो त्यांना हवा असतो.

हे गद्य तोंडात घोळण्यासाठीच लिहिलेलं आहे. गडकरी किर्लोस्कर नाटक मंडळीत लहान मुलांना शिकवण्याच्या कामावर होते. नाटकात काम करणारी, शाळा सुटलेली पोरं हे त्यांचे विद्यार्थी. शब्द मुलांच्या तोंडी कसा बसतो, कुठे जीभ वळत नाही, हे त्यांनी रोज जवळून पाहिलं असणार. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेलं बघणं मात्र त्यांच्या नशिबात नव्हतं. २३ जानेवारी १९१९ रोजी ते गेले आणि २० फेब्रुवारीला बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. ही तारीख मी मुलांना पानं वाचून झाल्यावर सांगतो. आधी सांगितली तर ती टीप असते. नंतर सांगितली की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, ‘म्हणजे त्यांनी तळीरामाला बोलताना ऐकलंच नाही?’ चरित्रातली तारीख त्या मुलाला अशी लागते, कारण तळीरामाला त्याने स्वतः ऐकलेलं असतं.

नाटक वाचायचं नसतं, बघायचं असतं, असंही म्हणतात. बरोबर आहे, बघावंच. पण जांभूळहून ठाण्याचा प्रवास, तिकीट, रात्रीची परत येण्याची सोय आणि पाच अंकी जुन्या नाटकांचे दुर्मीळ प्रयोग यांची वाट बघत बसलं तर शाळेची वर्षं संपून जातात. आणि दोघांनी उभं राहून पान म्हणणं हे बघण्याच्या फार दूर नाही.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं असतात, वर्गात पन्नास-साठ मुलं असतात. म्हणूनच मी नाटक वाचा म्हणत नाही, पान वाचा म्हणतो. एका पानाला दोन तासिका पुरतात. वर्षातून तीन पानं झाली तर तीन नाटककार होतात. गडकऱ्यांनंतर देवलांच्या ‘शारदा’चं एक पान घ्यावं, १८९९ च्या त्या नाटकात पैशासाठी लेकीचं लग्न म्हाताऱ्याशी लावणारा बाप आपल्या लोभाला कसली कसली नावं देतो ते मुलांना शोधू द्यावं. त्यानंतर तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं पान, जिथे खेळ म्हणून सुरू झालेलं बोलणं नेमकं कुठे खेळ राहत नाही ती जागा पेन्सिलने दाखवायला सांगावी. ही तीन पानं झालेली मुलं आणि तीन नाटककारांचे परिचय पाठ केलेली मुलं यांच्याशी दहा मिनिटं बोलून बघावं. मला वेगळं काही सिद्ध करावं लागणार नाही.

परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून मागणीही परीक्षेपाशीच करतो. दहावीच्या पेपरात अपठित उतारा आहेच. त्या जागी अधूनमधून नाटकातलं एक अपठित पान द्यावं, लेखकाचं नाव न देता. स्वभावचित्र विचारू नये. विचारावं ते एवढंच: या पानावर कोण कुणाला काय पटवू पाहतो आहे, समोरच्याला ते नेमक्या कोणत्या वाक्यापाशी पटलं, आणि ते तुम्ही कशावरून ठरवलं? उत्तराला गाइड तयार होणार नाही, कारण दर वर्षी पान निराळं असेल. तपासणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागेल. मंडळाने त्याला तेवढा वेळ आणि त्याचे पैसे द्यावेत.